एकाच बराकीतले दोन धडे

प्रति,
माध्यमिक शाळांसाठी इतिहासाचं पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या समितीचे सर्व सदस्य,

स.न.वि.वि.

मी कोल्हापूरजवळच्या एका शाळेत गेली २८ वर्षं इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेत 'दुसऱ्या महायुद्धाचे परिणाम लिहा' असा चार गुणांचा प्रश्न होता. नमुना उत्तरात चार मुद्दे होते: प्राणहानी व वित्तहानी, संयुक्त राष्ट्रांची स्थापना, शीतयुद्धाची सुरुवात आणि वसाहतींचं स्वातंत्र्य. गांधीनगरहून येणाऱ्या एका मुलीने तीन मुद्दे बरोबर लिहिले आणि चौथ्या जागी लिहिलं, 'महायुद्धामुळे आमचे घर बांधले गेले.' मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली, कडेला 'विषयांतर' असं लिहिलं आणि एक गुण कापला.

चूक माझी होती. ती कळायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत इतिहासाचा अभ्यास किती अवघड असतो हे मी पदवीच्या वर्गात शिकले नव्हते इतकं शिकले. म्हणून हे पत्र.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. मिरजेहून कोल्हापूरला येताना रुकडीनंतर वळिवडे नावाचं छोटं स्टेशन लागतं. १९४३ साली या वळिवड्याच्या माळावर बराकींची एक वसाहत उभी राहिली आणि तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहायला आली. बहुतेक बायका आणि मुलं. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला हे आपल्या पुस्तकात असतं. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या, हे बहुधा नसतं. पुढे १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना घरातून उठवून, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. जून १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत रशियावरच उलटला तेव्हा पोलंड आणि मॉस्को यांच्यात ३० जुलैला करार झाला आणि ही माणसं सुटली. सुटलेल्या या पोलिश माणसांतूनच उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्स यांच्या फौजेबरोबर १९४२ मध्ये लाखभराहून जास्त पोलिश लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. पुरुष लढायला गेले. बायकामुलांतली काही हजार माणसं कराची बंदरावरून हिंदुस्थानात आली आणि त्यांतला मोठा गट आमच्या पंचगंगेकाठी विसावला. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं बसवली जात होती.

पाच वर्षं ती माणसं इथे राहिली. युद्ध संपल्यावर परत का गेली नाहीत, असं मुलं हमखास विचारतात. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर फेब्रुवारी १९४५ मधल्या याल्टा परिषदेपर्यंत जावं लागतं. तिथे तीन बड्या नेत्यांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेला सरकवली आणि वळिवड्यातल्या बहुतेक कुटुंबांची गावं सोव्हिएत रशियात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. घर दुसऱ्याच देशात गेलं आणि ज्या सरकारचे नागरिक म्हणून ती माणसं इथे नांदत होती, त्या सरकारला जगात कुणी विचारेना. १९४७-४८ मध्ये ती माणसं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी जगभर पांगली. मायदेशी परतले ते थोडे.

बराकी रिकाम्या झाल्या आणि त्याच सुमारास सिंधी कुटुंबं आली. फाळणीची सीमा आखायला नेमलेले ब्रिटिश वकील सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात उतरले, पाचेक आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल कापणारी रेघ आखली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. सिंध प्रांत कापला गेला नाही, तो अख्खा पाकिस्तानात गेला. तिथल्या हिंदूंना सुरुवातीला वाटत होतं की राजवट बदलेल, आपण इथेच राहू. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर ती आशा संपली. माणसं कराची बंदरातून बोटीने मुंबईला आली, तिथून सरकार नेईल तिकडे गेली. काही कल्याणजवळच्या लष्करी छावणीत गेली. ही छावणीही महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं, तरी आजही तिथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. आणि काही कुटुंबं आमच्या वळिवड्याच्या छावणीत आली. तिचं गांधीनगर झालं. आज घाऊक कापडाचा बाजार म्हणून सगळा दक्षिण महाराष्ट्र ते नाव ओळखतो.

आता त्या मुलीचं वाक्य पुन्हा वाचा. 'महायुद्धामुळे आमचे घर बांधले गेले.' अक्षर न् अक्षर खरं आहे. तिचं कुटुंब पोलिश निर्वासितांसाठी बांधलेल्या बराकीत राहायला आलं होतं.

माझ्या वर्गात महायुद्धाचा धडा एका महिन्यात होतो आणि फाळणीचा दुसऱ्या महिन्यात. मधे दिवाळीची सुट्टी येते. मुलांच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात, एक 'जगाचा इतिहास' आणि दुसरी 'भारताचा'. वळिवड्याच्या माळावर मात्र त्या एकाच छपराखाली येऊन गेल्या. याल्टाच्या टेबलावरची रेघ आणि रॅडक्लिफची रेघ, दोन्हींनी बेघर केलेली माणसं एकाच जमिनीवर चूल मांडून राहिली. आधीची कराचीमार्गे आली आणि नंतरचीही कराचीमार्गेच आली. राष्ट्रांच्या सीमा ठरतात म्हणजे नेमकं काय होतं, हे मुलाला समजावायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. आणि ती आमच्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर आहे.

आणखी एक धागा सांगते. तो हाती लागला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. वळिवड्यातल्या अनेक बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे अँडर्स यांच्या फौजेतून इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी माँते कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिकांनी झेंडा लावला. त्या लढाईत डोंगराखालची नदी ओलांडणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. म्हणजे आपल्या मुलखातला गडी आणि आपल्या मुलखात ज्याची बायकापोरं सुरक्षित ठेवलेली होती तो पोलिश गडी, एकाच आघाडीवर होते. दोघांनाही हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघं २२. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पण हे सगळं जुळवायला मला जो त्रास झाला त्याबद्दल खरं लिहायचं आहे, कारण पाठ्यपुस्तकात या त्रासाला जागाच नसते. पुस्तकात इतिहास तयार होऊन येतो, ताटात वाढलेला. तो कसा शिजला हे मुलाला कधी दिसत नाही.

पहिली अडचण कागदांची. वळिवड्याची छावणी होती तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, गादीवर लहान वयाचे शिवाजी महाराज होते आणि कारभार रीजन्सीकडे, म्हणजे राजाच्या वतीने राज्य पाहणाऱ्यांकडे, होता. शेवटचे पोलिश गेले आणि सिंधी आले तेव्हाही संस्थान विलीन झालेलं नव्हतं. ते झालं १ मार्च १९४९ रोजी. त्यामुळे एका छावणीचे कागद एका जागी असणं शक्यच नाही. काही दरबारचे, काही दिल्लीच्या ब्रिटिश सरकारचे, काही मुंबई इलाख्याचे, आणि पोलिश लोकांचे स्वतःचे कागद लंडनला. भाषा पाहा: मराठी, त्यातही काही मोडी, मग इंग्रजी, पोलिश आणि अरबी वळणाची सिंधी. एवढ्या लिप्या वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मला स्वतःला मोडी अडखळत वाचता येते, तीही एका वर्गात नाव घालून चाळिशीनंतर शिकले. मराठ्यांच्या इतिहासासाठी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारखी माणसं गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, रुमालात बांधलेले कागद माणसांनी जिवापाड जपले. विसाव्या शतकातल्या आपल्याच गावांच्या कागदांसाठी तेवढी पायपीट आपण केली नाही. हे कागद फार जवळचे, म्हणून आपल्याला ते इतिहासाचे वाटलेच नाहीत.

दुसरी अडचण आठवणींची. गावातल्या एका आजोबांना मी भेटले. ते लहानपणी छावणीच्या फाटकाशी उसाची कांडकी विकायला जात. मी विचारलं, कुठल्या साली? म्हणाले, 'राजाराम महाराज गेले, त्याच्यानंतर दोन-तीन पावसाळे.' मी मनात हिशेब केला, १९४३. अगदी बरोबर निघाला. पण पुढे ते ठामपणे म्हणाले की ती माणसं इंग्रजांनी पकडलेले कैदी होते, आणि त्यांना भाकरी आमच्या महाराजांनी घातली. कैदी ती नव्हती, आणि छावणीच्या खर्चाचा भार प्रामुख्याने लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला होता. मग आजोबा खोटं बोलले का? काटेरी तार किंवा फाटकावरचा पहारा पाहणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला ते कैदीच वाटणार. आणि संस्थानाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या वस्तीला महाराजच खाऊ घालत असणार, हा त्याचा साधा हिशेब. त्यांच्या आठवणीत छावणीची माहिती कच्ची आहे, पण गावाने छावणीकडे कसं पाहिलं याची माहिती पक्की आहे. ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि ती वेगळी करायला मुलांना शिकवावं लागतं. एका तासात ते होत नाही.

त्यात हल्ली मोबाईलवरून फिरणारे संदेश. काठेवाडात बालाचडी येथे नवानगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, १९४२ मध्ये पोलिश मुलांना आसरा दिला. ती गोष्ट मोठीच आहे. पण तीच गोष्ट वळिवड्याच्या नावाने, कोल्हापूरच्या महाराजांच्या फोटोसकट माझ्याकडे अनेकदा आली. मुलं अभिमानाने दाखवतात. त्यांचा अभिमान न दुखावता चूक दाखवणं हे वर्गातलं सगळ्यांत नाजूक काम आहे. बालाचडीच्या कौतुकात खोट नाही. पण दुसऱ्याची गोष्ट आपल्या नावावर चढवली की आपली खरी गोष्ट पुसली जाते, आणि आपली खरी गोष्ट काही कमी नाही.

आकड्यांचंही तसंच. सोव्हिएत रशियाने किती पोलिश नागरिकांना हद्दपार केलं? परदेशातल्या पोलिश मंडळींच्या लिखाणात अनेक दशकं दहा लाखांहून मोठा आकडा होता. सोव्हिएत सत्ता कोसळत असताना तिथली दप्तरं उघडली, तेव्हा चार मोठ्या हद्दपाऱ्यांची बेरीज सव्वातीन लाखांच्या आसपास निघाली. सरकारी नोंद म्हणून धाकटा आकडा खरा मानायचा, की ज्यांनी सोसलं त्यांचा मोठा आकडा? त्या नोंदी हद्दपार करणाऱ्यांनीच लिहिल्या होत्या, आणि त्यांत सगळे प्रकार मोजले होते का यावर वाद आहे. दुसरीकडे, परमुलखात उपाशीपोटी केलेला अंदाज फुगणंही स्वाभाविक. आपल्या पुस्तकात असा प्रश्न आला असता तर खाली चार पर्याय दिले असते आणि त्यातला एक बरोबर असता.

युद्धकाळात तर बातमीवरच पहारा असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. त्याच जहाजात कापूसही भरलेला होता. ६६ अग्निशामक जवान गेले आणि म्हणून देशभर त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. एकूण मृत्यू कुठे ८०० दिले आहेत, कुठे १,३०० च्या पुढे. अर्धी मुंबई हादरलेली असताना सविस्तर बातमी पहिल्यांदा दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवण्याची परवानगी मिळाली मे महिन्यात. जुनं वर्तमानपत्र म्हणजे भक्कम पुरावा असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. आता सांगते की आधी तारीख बघा, मग त्या दिवशी छापायला बंदी कशाला होती ते शोधा.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्या मुलीची.

गुण कापल्यावर ती काही बोलली नाही. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. घडीवर इतका विरलेला की उलगडताना मी श्वास रोखून धरला होता. तपकिरी शाई, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं, खाली एक गोल शिक्का. म्हणाली, 'बाई, हा दादीच्या घराचा कागद आहे. सिंधमधला. आमची तिकडे हवेली होती.' तिला तो वाचता येत नव्हता, तिच्या बाबांनाही नाही. दादी आठ वर्षांची असताना बोटीत बसली, तिची शाळा तिथेच सुटली. म्हणजे घरात सत्तर वर्षं जपलेला कागद घरातल्या कुणालाच वाचता येत नव्हता. त्यांनी वाचायला शिकलेली लिपी देवनागरी होती, आधी शाळेमुळे, मग बाजारामुळे.

गांधीनगरात अरबी सिंधी वाचणारे एक वयोवृद्ध गृहस्थ सापडले. आम्ही तिघीचौघी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि हळूहळू हिंदीत अर्थ सांगितला. दोन खोल्या. पुढे अंगण. विहिरीवर हक्क सामाईक. बस्स. हवेली कुठेच नव्हती.

मुलीचा चेहरा उतरला. आणि मी, २० वर्षं इतिहास शिकवणारी बाई, घाईने बोलून गेले: 'बाळा, माणसं आठवणीत घर मोठं करतात. कागद खरा असतो.' दादी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना मराठी चांगलं समजतं. त्या काही बोलल्या नाहीत, कागदाची घडी घालून पदरात ठेवली.

पुढचं वर्षभर ते वाक्य मला टोचत होतं. मी पुन्हा त्या गृहस्थांकडे गेले, कागदाची झेरॉक्स घेऊन, आणि त्यांना विनंती केली की अर्थ सांगू नका, शब्द न् शब्द वाचा. तेव्हा पहिल्याच ओळीत 'वाटणी' या अर्थाचा शब्द निघाला. तो घराचा खरेदीचा कागद नव्हताच. चार भावांमधल्या वाटणीचा होता, आणि दादीच्या वडिलांच्या वाट्याला आलेल्या दोन खोल्या त्यात नोंदल्या होत्या. बाकीच्या खोल्या उरलेल्या तीन भावांच्या कागदांत असणार. लहानगी दादी सगळ्या घरभर खेळली होती, तिला ते एकच घर होतं. कागद खरा होता आणि दादीही खरी होती. खोटं ठरलं ते माझं वाक्य.

मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. दादी म्हणाल्या, 'मुझे तो पता था.' मग त्यांनी मला चहा दिला, आणि पहिल्यांदाच बोटीतल्या त्या प्रवासाबद्दल बोलल्या. त्या काय बोलल्या ते इथे लिहिणार नाही. त्यांनी लिहायची परवानगी दिलेली नाही.

समितीच्या मान्यवरांनो, हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. 'घरातील वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्या' असा उपक्रम पुस्तकात एका ओळीत देणं सोपं आहे. पण ज्या घरात कुणी वाटेत मेलं, कुणी मागे राहिलं, तिथे १४ वर्षांच्या मुलाने वही उघडून प्रश्न विचारायचा कसा? आमच्याकडे एका मुलाने आजोबांना विचारलं, 'फाळणीत तुमच्या घरातले किती लोक मारले गेले?' आजोबा उठून आत गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मुलाचा दोष नव्हता. प्रश्न कसा विचारावा आणि कुठे थांबावं, हे कुणी त्याला शिकवलंच नव्हतं. शब्दांचंही तसंच. पुस्तकात सगळीकडे 'निर्वासित' आहे. सरकारी कायद्यांत 'विस्थापित व्यक्ती' आहे. गांधीनगरातल्या एका आजींनी मला स्पष्ट सांगितलं, 'हमको निर्वासित मत लिखना, हमने कभी हाथ नहीं फैलाया.' मी आता वर्गात तिन्ही शब्द फळ्यावर लिहिते, 'शरणार्थी' सकट, आणि प्रत्येक शब्द कोण कुणासाठी वापरतं हे मुलांना शोधायला सांगते.

आणखी एक गाठ आहे, ती सोडवायला मला अजून जमलेलं नाही. शेजारच्या साताऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालत होतं. त्याच जिल्ह्यातल्या घराघरातून जवान ब्रिटिशांच्या फौजेत होते. त्या युद्धात हिंदुस्थानचे सुमारे २५ लाख सैनिक लढले आणि सक्तीची भरती नव्हती. एकाच गावात एक पोरगा भूमिगत आणि दुसरा आफ्रिकेच्या किंवा इटलीच्या आघाडीवर. पुस्तकात पहिल्याचा धडा आहे, दुसऱ्याचा नाही. दुसरा का गेला? पगारासाठी, घराण्याच्या चालीसाठी, दुष्काळाला कंटाळून? सरसकट उत्तर देऊ नये असं मला वाटतं. पण आपल्या पणजोबांचं पदक ट्रंकेत असलेली मुलगी वर्गात बसलेली असते आणि तिच्या पणजोबांबद्दल पुस्तकात एक शब्द नसतो, तेव्हा ती ट्रंक उघडत नाही. मी पाहिलं आहे.

म्हणून माझी मागणी अशी. महायुद्ध आणि फाळणी हे धडे कृपा करून शेजारी ठेवा, आणि त्यांच्यामध्ये आठ-दहा तासिका मोकळ्या सोडा. त्या तासिकांत प्रत्येक शाळेने आपल्या परिसरात युद्धाची आणि स्थलांतराची खूण शोधावी. प्रत्येक गावात वळिवडे नसेल. पण कुठे सैनिकांच्या नावांची संगमरवरी पाटी असेल, कुठे लष्करी छावणीची मोडकी भिंत, कुठे ब्रह्मदेशातून १९४२ मध्ये पायी परतलेलं घराणं असेल. पुस्तकात एकाच घटनेचे दोन न जुळणारे उतारे शेजारी छापा आणि खाली उत्तर देऊ नका. मोडीचा एक छोटा कागद छापा, लिप्यंतरासह, म्हणजे मुलांना कळेल की आपले खापरपणजोबा कसं लिहायचे. मुलाखत कशी घ्यावी याचं एक पान द्या, आणि कधी घेऊ नये याचं अर्धं.

गुणांचा प्रश्न येईल, मला माहीत आहे. प्रकल्पाला गुण दिले की मुलं झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणतात आणि न दिले की पालक म्हणतात, परीक्षेला नाही तर कशाला? यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच सांगते की आमच्या शाळेत मी गुण निष्कर्षाला देत नाही. 'हे तुला कशावरून कळलं?' या एका प्रश्नाच्या उत्तराला देते. तयार प्रकल्प आणणारं मूल तिथे अडकतं आणि स्वतः एका म्हाताऱ्या माणसाशी बोलून आलेलं मूल थांबता थांबत नाही. नमुना उत्तरपत्रिकेत 'किंवा सबळ पुराव्यासह दिलेला अन्य योग्य मुद्दा' एवढी एक ओळ वाढवली, तरी माझ्यासारखीच्या हातून लाल रेघ ओढली जाणार नाही.

शिक्षकांच्या तयारीचंही बघा. उन्हाळी प्रशिक्षणात आम्हाला तीन दिवस नवं मूल्यमापन समजावतात. त्यातला एक दिवस आम्हाला कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात न्या, एक रुमाल उघडून दाखवा. माझे बरेचसे सहकारी तिथे कधी गेलेले नाहीत आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी नेलं नाही.

वेळ फार उरलेला नाही, हेही सांगते. उसाची कांडकी विकणारे ते आजोबा आता नाहीत. १९४८ मध्ये जी दहा वर्षांची होती ती माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. कागद वाचून देणाऱ्या गृहस्थांची नजर गेली आहे. ते आता कागद बोटांनी चाचपतात आणि शेजारी बसलेल्याला अक्षरांचा आकार सांगायला लावतात.

आपण सगळ्यांनी एकदा इकडे यावं, अशी विनंती आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे, ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या थडग्यांवर नावं आहेत, ती आधी पाहू. मग गांधीनगरात जाऊ. त्या मुलीचं आता लग्न झालं आहे, ती इचलकरंजीला असते, पण येईन म्हणाली आहे. दादी सकाळी दहापर्यंत छान बोलतात, नंतर थकतात. त्यांना मी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, येऊ देत, पण वह्या बाहेर ठेवून आत यायला सांग.

आपली,
एक इतिहास शिक्षिका
करवीर तालुका